शनिवार कोणत्या सूर्याचा?

गेल्या माघातील संकष्टीची गोष्ट. आई आमच्याकडे बंगळूरला आली होती. स्वयंपाक झाला होता, नैवेद्याचे मोदक झाकून ठेवले होते, आणि शेजारच्या कन्नड आजीबाई गच्चीवरून उतरताना सांगून गेल्या की, चंद्र केव्हाच वर आला. मी आईला म्हटले, "चल, अर्घ्य दे; दिवसभराची उपाशी आहेस." तिने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बोट दाखविले. त्यात छापलेल्या चंद्रोदयाला अद्याप काही मिनिटे अवकाश होता. कॅलेंडरातील वेळ मुंबईची आहे. बंगळूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे पाच अंशांवर असल्यामुळे येथे चंद्र थोडा अगोदर उगवतो, हे मी भूगोलाच्या मास्तरांच्या थाटात तिला समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचा उगवला असेल. आमचा अजून यायचाय. तिकडे तुझी मावशी थांबलेली असेल."

मी हसलो आणि गप्प बसलो. परंतु ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. चंद्र एकच आहे, हे आईला ठाऊक नाही असे नाही. तिला म्हणायचे होते ते वेगळेच. आकाशातील चंद्र ही एक वस्तू. ज्या चंद्रासाठी आपण आणि आपली माणसे मिळून थांबतो तो चंद्र ही दुसरी वस्तू. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांना या दोहोंत निवड करण्याचा प्रसंग वारंवार येतो. आपण तो फारसा विचार न करता निभावून नेतो, इतकेच.

ज्या शहरात हा संवाद झाला त्याच शहरातील पीण्या भागातल्या केंद्रातून मंगळयानाचे नियंत्रण झाले. २०१३ च्या नोव्हेंबरात निघालेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. माणसे तेथे केव्हा जातील ते जावोत. परंतु गेली तर आपापली व्रते आणि आपापले धर्मनियम कोणत्या सूर्याच्या हिशेबाने पाळतील, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. थोडे वाचू लागलो तेव्हा कळले की, हा प्रश्न काही लोकांनी अगोदरच, आणि तोही अत्यंत गंभीरपणे, विचारलेला आहे. ते लोक म्हणजे यहुदी. त्यांचा बहुतेक सारा धर्म काळाशी बांधलेला. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी तारे दिसू लागले की संपतो. महिना नव्या चंद्रकोरीने उघडतो. वल्हांडणाचा सण वसंतातच यावा लागतो. ज्याच्या धर्माला सूर्यास्त लागतो, त्याने सूर्यास्त नसलेल्या किंवा नको तितके सूर्यास्त असलेल्या ठिकाणी काय करावे?

ही केवळ कल्पनेची क्रीडा राहिलेली नाही. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान अमेरिकेतून उडाले. त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती, आणि इलान रामोन नावाचा इस्राएलचा पहिला अंतराळवीरही होता. रामोन स्वतः काही कर्मठ नव्हता. तथापि आपण साऱ्या यहुदी लोकांचे प्रतिनिधी म्हणून जात आहोत, या भावनेने त्याने धर्मनियमांप्रमाणे शुद्ध असलेले अन्न मागून घेतले आणि शब्बाथ केव्हा धरावा याची रब्बींकडे पृच्छा केली. पृच्छा सार्थ होती. ते यान साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी घाली. म्हणजे आपल्या एका दिवसात तेथे सोळा सूर्योदय. सूर्य हाच पुरावा मानावा तर दर साडेदहा तासांनी एक शब्बाथ येणार, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत वर्ष सरणार! त्याला उत्तर मिळाले ते असे की, जेथून निघालास तेथील, म्हणजे केप कॅनाव्हेरलच्या, घड्याळाने चाल. बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेली तोरेची एक चिमुकली गुंडाळी त्याने बरोबर नेली होती. आणि यान जेरुसलेमवरून जात असताना त्याने 'शेमा' ही प्रार्थना म्हटल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले आणि सातही जण गेले. तो दिवस शनिवार होता.

चार वर्षांनी, २००७ मध्ये, मलेशियाचा शेख मुझफर शुकोर रमजानच्या महिन्यात अंतराळस्थानकावर गेला, तेव्हा त्याच्या देशातील धर्मपंडितांनीही असेच ठरविले की, नमाजाच्या वेळा उड्डाणस्थळाच्या धराव्यात. म्हणजे दोन निरनिराळ्या धर्मांनी आपापल्या वाटेने जाऊन एकच उत्तर दिले: आकाशात गेलास तरी निघालेल्या गावाचे घड्याळ घेऊन जा. माझ्या आईने हेच केले होते. तिचे उड्डाणस्थळ अलिबाग तालुका होते, एवढाच काय तो फरक.

परंतु हे उत्तर प्रवाशाचे आहे. रामोन सोळा दिवसांसाठी गेला होता. जो परतणारच नाही, जो तेथे घर करील, ज्याची मुले तेथे जन्मतील, त्याने काय करावे? मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा किंचित मोठा, २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा. फरक किरकोळ वाटतो. परंतु आठवड्याला तो साडेचार तासांवर जातो आणि सुमारे छत्तीस दिवसांत एक अख्खा दिवस गळून पडतो. मंगळावरील माणसाने तेथल्या सूर्यास्ताने सात दिवस मोजले, तर त्याचा शनिवार जेरुसलेमच्या शनिवारापासून हळूहळू दूर सरकेल, आणि आठ-साडेआठ महिन्यांनी पुरा आठवडा मागे पडून पुन्हा त्याला येऊन मिळेल. उलट त्याने जेरुसलेमचे घड्याळ धरले, तर शब्बाथाचा दिवा कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री लावण्याची पाळी येईल. महिन्याची तर आणखीच पंचाईत. तेथे चंद्र दोन; त्यांतला फोबोस साडेसात तासांच्या आसपास एक फेरी पुरी करतो आणि पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. वर्ष आपल्या ६८७ दिवसांचे. त्यामुळे वल्हांडण वसंतातच हवा म्हटले तर तो जवळजवळ दोन वर्षांतून एकदा येणार. निसर्गाशी प्रामाणिक राहावे तर माणसांपासून तुटतो, माणसांशी प्रामाणिक राहावे तर निसर्गापासून तुटतो. दोन्ही निष्ठा एकाच वेळी सांभाळणे गणितानेच अशक्य केले आहे.

अशा पेचाची या लोकांना सवय आहे, हे पाहून मात्र मला नवल वाटले. तल्मूदात एका वाट चुकलेल्या माणसाचा विचार आहे. वाळवंटात भटकताना आज वार कोणता हेच तो विसरला आहे. रव हूनाच्या मते त्याने सहा दिवस मोजावेत आणि सातवा शब्बाथ म्हणून पाळावा. हिय्याच्या मते आधी एक दिवस पाळावा आणि मग सहा मोजावेत. पहिले मत सृष्टीच्या क्रमाला धरून, कारण सृष्टी सहा दिवस घडली आणि मग विसावा आला. दुसरे आदिमानवाला धरून, कारण तो शुक्रवारी निर्माण झाला आणि त्याच्या वाट्याला पहिला पूर्ण दिवस शब्बाथाचाच आला. याहून मार्मिक भाग पुढे आहे. या माणसाचा शब्बाथ खरा नसण्याचा संभव सातात सहा. म्हणून त्याने रोजच, अगदी आपल्या त्या मानलेल्या शब्बाथालाही, फक्त जगण्यापुरतेच काम करावे, अधिक करू नये. मग त्याच्या शब्बाथाचे वेगळेपण कशात? तर त्या दिवसाच्या आरंभी आणि अखेरीस म्हणावयाच्या प्रार्थनेत. म्हणजे जवळजवळ निश्चित चुकीचा दिवस, तरीही पाळणे खरे.

दिशेचेही तसेच. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून करावयाची. परंतु ज्याला दिशाच कळत नाहीत, किंवा जो आंधळा आहे, त्याने आपले हृदय स्वर्गातील पित्याकडे वळवावे, असा निर्वाळा त्याच तल्मूदात आहे. मंगळावरच्या माणसाला तर जेरुसलेम, पंढरपूर आणि मक्का ही सारी एकाच निळसर ठिपक्यात दिसणार! आणि श्वासाची हवा यंत्राने करावी लागत असेल तेथे ते यंत्र शनिवारी चालवावे की नाही, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर त्याचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे: जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडणे हेच कर्तव्य.

पृथ्वीवरही हा पेच एकदा अगदी बिकट होऊन बसला होता. १९४० मध्ये लिथुएनियातील जपानी वकिलाने, चिउने सुगिहाराने, दिलेल्या परवान्यांवर अनेक यहुदी निर्वासित जपानात कोबे येथे पोहोचले. १९४१ चा प्रायश्चित्ताचा उपवास जवळ आला तेव्हा त्यांना प्रश्न पडला की, दिवस जेथे बदलतो ती रेषा यहुदी धर्मशास्त्राने कोठे मानावी? जपान तिच्या अलीकडे की पलीकडे? त्यांनी तारा करून विचारले. जेरुसलेममध्ये जमलेल्या बहुतेक रब्बींनी स्थानिक बुधवार धरण्याचा कौल दिला. 'हजोन ईश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका थोर पंडिताने उलट सांगितले की, बुधवारी जेवा, गुरुवारी उपवास करा. युरोपात आपले सारे गणगोत संहाराच्या तोंडी असताना ही परागंदा माणसे उपवास बुधवारी की गुरुवारी याची चौकशी करीत होती, याचे कोणाला हसू येईल. मला येत नाही. सारे हिरावले गेल्यावर माणसाच्या हाती जे उरते, त्याचा ताळेबंद तो बिनचूक ठेवू पाहतो.

पण वाचकहो, याहून जुने आणि आपल्या अधिक परिचयाचे उदाहरण आपल्याच कोकणात आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल समाज वाढला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. ग्रंथ समुद्रात गेले. भाषा गेली; ती मराठी झाली. नावे गेली, गावांवरून दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे आली. सणांची हिब्रू नावे पुसली जाऊन नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा अशी घरगुती नावे पडली. शतकानुशतके त्यांना ना रब्बी होता ना तल्मूद. उरले ते एवढेच: आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांवाचूनच्या माशांचा निषेध, 'शेमा'ची प्रार्थना आणि शनिवार.

हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. माझे आजोबा सांगत की, शनिवारी त्यांचा बैलदेखील घाण्याला जुंपला जात नसे, कारण विसावा बैलालाही आहे. आपल्याकडे शनिवारी तेल घरात आणू नये अशी समजूत असल्यामुळे गिऱ्हाइकांची फारशी अडचण होत नसावी, असे ते मिस्किलपणे म्हणत. माणसाला जात मिळते ती तो जे काम करतो त्यावरून; या समाजाला नाव मिळाले ते तो जे काम एक दिवस करीत नसे त्यावरून. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. पुढे कोचीनकडचा दाविद राहाबी त्यांच्यात आला आणि स्त्रियांनी कोणते मासे शिजवायला घेतले व कोणते बाजूला काढले यावरून त्याने त्यांची ओळख पटविली, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, तिचे तात्पर्य असे की, विसरलेल्या ग्रंथाची साक्ष स्वयंपाकघराने दिली.

या समाजाचा एक धागा आमच्या या म्हैसूर प्रांताशीही जुळतो. इंग्रजी सैन्यातील सॅम्युएल दिवेकर हा टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. हे बनी इस्राएल आहेत असे कळताच, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे त्या लोकांना मारू नये असे टिपूच्या मातेने सांगितले, आणि सुटून आल्यावर दिवेकराने मुंबईत १७९६ मध्ये त्या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले, असे परंपरा सांगते. अलिबागेतील इस्राएल आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. येथे बंगळुरातही म्हैसूर रस्त्यावर यहुद्यांची एक छोटी दफनभूमी आहे, तिची जागा १९०४ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेली. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलास गेले. आणि तेथे त्यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला? शतकानुशतके विवाहाचे व घटस्फोटाचे धर्मशास्त्र ठाऊक नसलेल्या या लोकांना पूर्ण यहुदी मानावे काय? १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. त्यांनी निकराचा विरोध केला, आणि १९६४ मध्ये आदेशातून त्यांच्या समाजाचा उल्लेख काढावा लागला.

याचा विचार करताना मन दोन्हीकडे ओढले जाते. धर्मपीठाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. नियम म्हणजे नियम. परंतु ज्यांना कोणी पाहणारे नव्हते, जाब विचारणारे नव्हते, ज्यांच्या मोजणीत कोठे एखादा दिवस चुकला असता तर सांगणारेही नव्हते, त्यांनी शेकडो वर्षे दर सात दिवसांनी घाणा थांबविला. मंगळावरच्या वस्तीत यापेक्षा अधिक एकाकीपणा असेल असे मला वाटत नाही. त्यांनी वार घेतला तो पूर्वजांच्या मोजणीचा, आणि सूर्यास्त घेतला तो नवगावच्या समुद्रावरचा. वार माणसांचा, घटका निसर्गाची. पृथ्वीवर असे दोहोंचे जुळते. मंगळावर ते जुळणार नाही आणि मग निवड करावीच लागेल.

निवड कशी करावी? यहुद्यांच्या ग्रंथात शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी आली आहे आणि तिची कारणे दोन दिली आहेत. निर्गमात कारण दिले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे. अनुवादात दिले आहे ते मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेचे. पहिले कारण साऱ्या विश्वाचे आहे. ते घेतले तर मंगळाचा सूर्यही तितकाच खरा. दुसरे कारण एका जनसमूहाच्या आठवणीचे आहे. ते घेतले तर आठवण ज्यांच्याबरोबर वाटून घ्यावयाची त्यांच्यापासून वेगळा दिवस धरणे निरर्थक. मला स्वतःला दुसरे कारण अधिक जवळचे वाटते, आणि त्याला आधार त्यांच्याच एका कथेचा आहे. प्राचीन काळी ज्यांनी चंद्रकोर पाहिली त्यांची साक्ष घेऊन धर्मसभा महिना जाहीर करी. एकदा रब्बान गम्लीएलने स्वीकारलेली साक्ष रब्बी यहोशुआला खोटी वाटली. त्याच्या गणिताने प्रायश्चित्ताचा दिवस दुसराच येत होता. गम्लीएलने त्याला आज्ञा केली की, तुझ्या हिशेबाने जो प्रायश्चित्ताचा दिवस, त्याच दिवशी हातात काठी आणि कमरेला पैशाची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. यहोशुआ गेला. त्याचे गणित कदाचित बरोबरही असेल. परंतु एका समाजाचे दोन पंचांग होऊ नयेत म्हणून त्याने आपले बरोबर असणे सोडून दिले. गम्लीएल उठून उभा राहिला आणि त्याने त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. आक्षेपक म्हणेल: "भर दुपारी संध्याकाळचा दिवा लावणारा माणूस नियम पाळीत नाही, नियमाचे प्रेत वाहतो. नियम सूर्यास्ताशी बांधला तो माणसाने थकून मान वर करावी, आकाशाचा रंग पाहावा आणि हात थांबवावेत म्हणून. आकाशच बदलले तर नियमही बदलू द्या. किंवा सरळ सोडून द्या." यात तथ्य आहे. जो नियम इंद्रियांना काहीच सांगत नाही तो फार काळ तगत नाही, आणि मंगळावर जन्मलेल्या मुलाला जेरुसलेमची संध्याकाळ ही आज्ञा म्हणून सांगता येईल, अनुभव म्हणून देता येणार नाही. तरीही 'बदला' आणि 'सोडा' यांच्यामधील अंतर आक्षेपक समजतो त्यापेक्षा मोठे आहे. आणि ते मला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या वर्तनातून कळले.

माझे वडील मार्गशीर्षात गेले, त्याला पाच वर्षे झाली. पहिल्या वर्षी मी गावी जाऊन सारे यथासांग केले. दुसऱ्या वर्षी श्राद्धतिथी बुधवारी आली आणि त्या आठवड्यात कार्यालयात तपासणी होती. मी तिथी रविवारवर नेली. अनेकजण असेच करतात आणि त्यात मला गैर वाटले नाही. तिसऱ्या वर्षी तपासणी नव्हती. रजाही शिल्लक होती. तरीही रविवारच धरला, कारण मागच्या वर्षी तो चालला होता. चौथ्या वर्षी तो रविवार उलटून गेला आणि मंगळवारी, फायलीवर तारीख घालताना, मला तिथीची आठवण झाली. आईने गावी एकटीने, ज्या दिवशी करावयाचे त्या दिवशी, कावळ्याला पान ठेवले होते. तिने मला फोन केला नव्हता. पुढेही त्याविषयी ती काही बोलली नाही.

वाळवंटातील तो वाटसरू आणि मी यांची तुलना केली तेव्हा मला लाज वाटली. त्याला दिवस ठाऊक नव्हता आणि तो पाळीत होता. मला दिवस ठाऊक होता, भिंतीवर छापलेला होता. त्याचा दिवस चुकीचा होता, पाळणे खरे होते. माझा रविवार चुकीचा होता म्हणून बिघडले नाही. तो माझ्या सोयीचा होता, आणि सोयीला स्वतःची अशी तिथी नसते, म्हणून बिघडले. रामोनने सवलत घेतली. परंतु ती उड्डाणापूर्वी विचारून घेतली, आणि एकदा केप कॅनाव्हेरलचे घड्याळ धरल्यावर ते गैरसोयीच्या वेळीही त्याच्यावर बंधनकारक होते. कोबेच्या निर्वासितांनी विचारले. मी कोणालाच विचारले नाही, आईलाही नाही. दूर गेलेल्या माणसाने नियम बदलू नये असे मी म्हणत नाही. त्याने तो गरज पडण्याअगोदर बदलावा, आपल्या माणसांना सांगून बदलावा, आणि बदललेला नियमही अडचणीच्या दिवशी आपल्याला अडवू शकेल असा असावा. जो नियम कधीच आड येत नाही तो नियम नव्हे. ते आपल्याच इच्छेला दिलेले भारदस्त नाव.

त्या लोकांनी अंतराचीही सोय नियमातच करून ठेवली होती. महिना जाहीर झाल्याची बातमी घेऊन निघालेले दूत दूरच्या वस्त्यांना सणापूर्वी पोहोचत नसत. म्हणून परदेशी राहणाऱ्यांनी एका दिवसाचा सण दोन दिवस पाळावा असे ठरले. पुढे पंचांग गणिताने निश्चित झाले, शंका उरली नाही, तरी दुसरा दिवस परदेशी राहणाऱ्यांनी चालू ठेवला. दूर असणाऱ्याला सूट मिळाली नाही. त्याच्यावर एक दिवस अधिक पडला. हे प्रथम वाचले तेव्हा अन्यायाचे वाटले. आता वाटते, दूर राहण्याचे हेच खरे स्वरूप आहे. गावी राहणाऱ्याला सण आपोआप येतो. दाराशी ढोल वाजतो, शेजारणीच्या चुलीचा वास येतो. येथे तो आणावा लागतो, आणि आणण्याचे श्रम हे त्या सणातच धरावे लागतात. मंगळावरच्या शब्बाथाविषयी तोरेत काही सापडणार नाही. पण आपण स्वर्गात नाही, कोणी आकाशात चढून आणावी अशी दूर नाही, असे तोरा स्वतःविषयी म्हणते. निर्णय माणसांवर सोपविलेला आहे. आकाशात गेल्यावरही तो माणसांनाच करावा लागेल.

आई फाल्गुनाच्या संकष्टीपर्यंत राहिली. या वेळी मी भूगोल सांगितला नाही. कॅलेंडरच्या वेळेची वाट पाहण्याचे मनाशी ठरवून बसलो होतो. माझी सहा वर्षांची मुलगी, जिचा जन्म याच शहरातला आणि जिला गाव म्हणजे दिवाळीची सुट्टी एवढेच ठाऊक, गच्चीवरून धावत खाली आली आणि ओरडली, "आजी, आला!" आई लगेच उठली आणि तिने अर्घ्याचे पात्र हातात घेतले. मी घड्याळाकडे पाहिले. छापलेली वेळ व्हायची होती. मी म्हटले, "अजून अवकाश आहे."

"पोरीनं पाहिला ना?" आई म्हणाली. "मग झालं. मावशीला फोन करून सांग, इथं आला म्हणून."